ओल्याचे प्रकार

गुरुवार, सकाळी, लाँड्रीतून

ताई,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. माझंच पत्र लाल शाईने सुधारून परत पाठवायची तुझी खोड काही जात नाही. मास्तरीण ती मास्तरीणच.

तू सांगितलेले ओल्याचे इंग्रजी शब्द डोक्यात बसले. पिळल्यावर पाणी निथळतं ते वेट. इस्त्रीला घ्यावी इतपत ओलसर चादर डॅम्प. केकमधला हवासा ओलावा मॉइस्ट. आणि ह्युमिड हवेला म्हणायचं, चादरीला नाही. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असते मी, ह्युमिड तेवढं न शिकवता कळलं असतं.

मालकांना इंग्रजी पाट्या लावायच्यात, असं लिहिलं होतं मी. कसल्या पाट्या, थाप होती ती. त्यांना गेलेला दिवा बदलायचं जिवावर येतं.

सुट्टी संपवून तू परत गेलीस आणि थोड्याच दिवसांत आईने अंथरूण धरलं. डॉक्टर नवे आहेत, त्यांना आपली भाषा येत नाही. रोज फोनवर विचारतात, अंग कसं लागतंय, घाम कसा आहे. "ताईला कळवायचं नाही, तिच्या शाळेत परीक्षा चालू आहेत," हा आईचा हुकूम. म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

काल मी डॉक्टरांना आईचं अंग डॅम्प आहे म्हणाले. त्यांनी विचारलं, गार आहे का, चिकट आहे का. दोन्हीला हो म्हटलं, तर ते लगेच घरी आले. त्याला क्लॅमी म्हणतात म्हणे. तो शब्द मी तुला विचारलाच नव्हता. औषध बदललं. जिन्यात म्हणाले, मुलींना बोलावून घ्या. मी म्हटलं, एक इथेच आहे.

आई बोलते, चहा मागते. तुझा जुना स्वेटर उशाशी घेऊन झोपते. विचारलं तर म्हणते, उशी घसरते म्हणून.

काल संध्याकाळी तुला फोन आला आणि कोणी बोललं नाही, ती मीच. तुझं "कोण बोलतंय" ऐकलं आणि फोन ठेवून दिला. मला भीती वाटते, ताई.

लाँड्रीचा टेम्पो आज तुझ्या बाजूला येतोय. ड्रायव्हरकाका हे पत्र तुझ्या हातात देतील आणि तू निघेपर्यंत दारात थांबतील, तसं मी त्यांना बजावलंय. परीक्षा दुसरं कोणीतरी घेईल. यातल्या चुका काढायच्या असतील तर लाल पेन बरोबर घे, इथे आईजवळ बसून काढ.

आईचा शब्द मोडणारी,
तुझी धाकटी