जाऊबाईंनी पाठवलेलं बी

९ नोव्हेंबर २००३
मालनवैनीने बी पाठवलंय! तीन वर्षं उंबरा न चढलेल्या थोरल्या जाऊबाईंनी! त्यांची श्रुती स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली आणि जाताना एक पुडी हातावर ठेवली — "काकी, पिटुनियाचं आहे. आईने खास तुझ्यासाठी दिलंय."
खास! मामंजी गेले त्या दिवशी चारचौघांत "हिने शेवटी पाणीसुद्धा वेळेवर दिलं नाही" म्हणाली, ती बाई आता मला फुलं देतेय. यात काहीतरी आहे.

१० नोव्हेंबर
बी कसलं, तपकीरच! श्वास सोडला तर उडेल. एवढं बारीक बी वाळूत कालवून पेरायचं आणि वर माती घालायची नाही, एवढं मला कळतं. ह्यांनी मांडवीच्या किनाऱ्यावरून वाळू आणली, पिठासारखी. मी चहाच्या गाळणीने चाळून घेतली. पेरून झाल्यावर कुंडी परातीत ठेवून खालून भिजवली. वर काच.
ठरवलंय — रुजलं तर लग्नाला जायचं. नाही रुजलं तर समजायचं, मुद्दाम तसलं दिलं. हातखंब्याला नाक्यावर रोपं विकते ती. चांगलं बी कोणतं नि मेलेलं कोणतं, तिला न कळायला काय झालं?

१९ नोव्हेंबर
काही नाही.

२४ नोव्हेंबर
अजून काही नाही. चष्मा लावून, काच उचलून पाहिलं. हे म्हणाले, "अगो, सारखी उघडून बघतेस, रुजेल कशाला?" म्हणजे चूक माझीच! वहिनीची बाजू घ्यायला बरं जमतं ह्यांना.
भाजून दिलं असेल का? जरा तव्यावरून फिरवलं की झालं, कोणाला कळणार? मग लग्नात सांगत सुटायचं — प्रेमलाच्या हातून काही जगतच नाही. मामंजींच्या वेळेला हेच तर म्हणायचं होतं तिला.
त्यांचं सगळं मी केलं. मी! ती दोन दिवस येऊन जायची.

३० नोव्हेंबर
शेजारी शरीफाभाभींकडे श्रुतीचा फोन. "काकी, हळदीला तू नसशील तर मी पाटावर बसणार नाही." हिला न्हाऊमाखू मी घातलंय. "बघते" म्हटलं. तर लगेच, "आणि बी रुजलं का?"
हा प्रश्न तिचा नव्हता. मागून वैनीची कुजबुज ऐकू आली होती मला. कशाला हवीय चौकशी?
नाही जाणार. ठरलं.

९ डिसेंबर
कुंडीत मातीवर पांढरी पापुद्री आली. बुरशी! बियातच काहीतरी होतं, बघा आता, म्हणून ह्यांना ओढत आणलं. ह्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं.
"मीठ फुटलंय गो हे! सुक्या मच्छीवर येतं तसं. वाळू धुतली नव्हतीस?"
मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यात जन्म गेला ह्यांचा, आणि हे आज सुचतंय!
नव्हती धुतली. नुसती चाळली.
म्हणजे मारलं मीच. आणि त्या बाईला महिनाभर मनात काय काय बोलले! मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिरवी साडी काढून ठेवलीय. जायचं. तिला तोंडावर सांगायचं, चूक माझी. ती काय टोमणे मारायचे ते मारू दे.

१३ डिसेंबर
श्रुतीला हळद लागली. त्याआधी मांडवातच वैनीला गाठलं. म्हटलं, "बी माझ्या हातून गेलं. वाळू खारट होती."
"कसली वाळू गो! ते बी मेलेलंच होतं. मी दोनदा पेरलं, एकही रुजलं नाही. म्हणून तर तुला दिलं."
"मुद्दाम?"
"मग! तोंडाला येईल ते बोलले मी तुला, आणि तीन वर्षांत तू भांडायलासुद्धा आली नाहीस. म्हटलं, हे रुजलं नाही तर तेवढ्यासाठी तरी येशील."