पहूरची एक जागा

२१ जून १९८८, मंगळवार

नरडाण्याच्या शाळेत चौथं वर्ष सुरू झालं. आणि ह्यांचं पहूरच्या शाळेतलं सातवं. संस्था एकच, जिल्हे दोन. लग्नाला पाच वर्षं झाली – मधल्या सुट्ट्या धरूनसुद्धा एकत्र राहिलो ते जेमतेम दीड वर्ष.

घरमालकीण जरीनाभाभी रॉकेलच्या रांगेतून आली. घरी शिलाईकाम करते ती. म्हणाली, "बाई, आज लाइन में दो ब्लाउज गए." मी समजले नाही. मग तिनं सांगितलं – सकाळपासून रांगेत उभी नसती, तर दोन ब्लाउज शिवून झाले असते.

उद्या बारावीला हेच उदाहरण देणार. सरकारनं भाव बांधला, माल अपुरा पडला, की रांग लागते. रांग फुकट नसते. जो उभा राहतो त्याचं काहीतरी जातंच.

२२ जून

वर्गात सांगितलं. मुलांना पटलं. मला मात्र बोलता बोलता मध्येच थांबावं लागलं. पहूरच्या बदलीसाठी मी तीन वर्षं रांगेत आहे. माझं काय काय गेलं? बत्तीस संपेल दिवाळीत. मूल नाही.

२ जुलै, शनिवार

अर्धी शाळा. पॅसेंजरनं जळगाव, तिथून एस. टी. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांनी वांग्याचं भरीत केलेलं, जरा जळलेलं. दोघं ओट्यावर बसून जेवलो. उद्या दुपारी परत.

११ जुलै, सोमवार

तिसऱ्या तासाला शिपाई लोटनभाऊ वर्गाच्या दारात. "बाई, तुमना कागद उना. बदलीना शे."

पहूर! एक ऑगस्टपासून! कागद तीनदा वाचला. जरीनाभाभीला सांगितलं तर तिनं मला मिठीच मारली. दिवसभर नुसतं घर लावत होते मनात – पलंग कुठे, माझं टेबल कुठे, स्टोव्ह एकच ठेवायचा.

१४ जुलै

कागदात एक ओळ आहे. "श्रीमती सुमन भंगाळे यांच्या जागी." म्हणजे मी तिथे, त्या इथे नरडाण्याला. सोमवारी ती ओळ दिसलीच नाही मला. दिसली असेल, वाचली नाही.

१७ जुलै, रविवार, पहूर

ह्यांची राजदूत फटफटी अंगणात नव्हती. विचारलं तर म्हणाले, "विकली. संस्थेला देणगी दिली. पावती आहे."

"बदलीसाठी?"

"तीन वर्षं सरळ रांगेत उभे राहिलो. मिळालं काय? तूच शिकवतेस ना, वस्तू कमी आणि मागणारे जास्त असले की काय होतं ते."

शिकवते. पण ती वस्तू म्हणजे कुणीतरी बाई असते, हे पुस्तकात नाही.

दुपारी सुमनबाई आपणहून आल्या. सोबत तिसरीतली मुलगी. नवरा जामनेरला जिनिंगमध्ये, रोज संध्याकाळी घरी येतो. मला वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तिथे पाणी कसं आहे? खोली मिळेल ना?" मी म्हटलं, माझीच घ्या, घरमालकीण चांगली आहे. मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "शनिवारी जळगावला यायला शेवटची गाडी किती वाजता?"

तीन वर्षांपूर्वी नरडाण्याला उतरल्यावर मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. स्टेशनमास्तरला.

हे आत गणिताचे पेपर तपासत बसले होते. वर बघितलं नाही.

१९ जुलै, मंगळवार

अर्ज दिला. बदली रद्द करावी.

मोतीलालसर हेडमास्तर आहेत, भला माणूस. अर्ज हातात धरून बघतच राहिले. "बाई, लोक पाया पडतात ह्या कागदासाठी. घरी पंडितसरांना विचारलं का?"

"कळवते."

"म्हणजे नाही विचारलं."

नाही विचारलं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मला तेच हवं होतं – त्यांनी नाही म्हणावं आणि मी मुकाट्यानं ट्रंक भरावी. इतकी ओढ आहे. म्हणून विचारलं नाही.

रात्री चार पानी पत्र लिहिलं, मग फाडून एक पानी.

२६ जुलै

ह्यांचं कार्ड. "तुझं बरोबर असेल. पण मी थकलो. ह्या शनिवारी येऊ नकोस."

३० जुलै, शनिवार

गेले नाही. गाडी गेल्याचं खोलीतून ऐकू आलं. जरीनाभाभीनं खिचडी आणून दिली.

आपण एक निवडतो तेव्हा दुसरं सोडतो – पहिल्याच धड्यात आहे. सोडलेल्याची किंमत कशी मोजायची, तेही आहे. ह्यांच्या हातचं जळकं भरीत खावंसं वाटतंय, ते कुठे मांडायचं?

४ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुटताना लोटनभाऊ एका बाईंची ट्रंक डोक्यावर घेऊन आला. मागे सुमनबाई. एकट्याच.

मी सोडलेली जागा रिकामी राहिलीच नाही. आठ दिवसांत तिसऱ्याच कुणाची तरी ऑर्डर पहूरला निघाली, आणि सुमनबाईंना इथल्या एका रिकाम्या जागेवर टाकलं. मुलगी बापाजवळ राहिली. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "पंडितसर बसला पोचवायला आले होते. म्हणाले, तिला सांगा, ये म्हणावं."

दोघींचा भात टाकला. शनिवारच्या गाडीला आता आम्ही दोघी.