ईस्टरचं मुकं पाणी

ओटरनाऊ, ५ मार्च १९९४

चि. डिटमार यास लिंडेताईचे अनेक आशीर्वाद, आणि मुख्यमंत्रिसाहेबांना साऱ्या गावाचा रामराम.

काल तू टीव्हीवर तासभर बोललास आणि आमच्याबद्दल चकार शब्द नाही. गुरांचा डॉक्टर होतास तेव्हा गाय जगेल की नाही ते मालकाला तोंडावर सांगायचास. राजधानीत गेल्यापासून तुझी जीभ फार गुळगुळीत झाली आहे.

कोळशाची खाण आता कुरणापर्यंत आली. संध्याकाळी अंगणात बसलं की जमिनीतून घरघर ऐकू येते, शेजारच्या खोलीत कुणी म्हातारं झोपल्यासारखी. चार वर्षांपूर्वी बिटाच्या गाडीवर उभं राहून तू सांगितलंस, की तू खुर्चीवर असेपर्यंत ओटरनाऊच्या एका विटेलाही धक्का लागणार नाही. बेकरीवाला कुन्झे रोज विचारतो, भाऊ काय म्हणतो? मी पाव निवडत बसते. खरं काय ते मला तरी कळव.

ईस्टरला पहाटे ये, ओढ्याचं पाणी आणायला जाऊ. जाता-येता ब्र काढायचा नाही. न बोलता आणलेलं पाणी वर्षभर नासत नाही. एक शब्द बोललं की ते बडबडं पाणी, त्याचा गुण गेला. लहानपणी बेडूक दाखवून मला बोलतं करायला किती धडपडायचास! पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही तोंड उघडलेलं नाही. तुला मात्र जड जाईल.

लोभ आहे तो राहू दे, आणि जेवत जा.
तुझी ताई

राजधानी, १९ मार्च १९९४

ती. लिंडेताईस शि. सा. न. वि. वि.

खरं विचारलंस, तर ऐक. खाण थांबवली तर चार हजार घरांतली चूल विझते. ती चालू ठेवायची तर आपलं गाव उठवावं लागतं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी कागद माझ्यासमोर येईल. मी त्यावर सही करणार नाही. सोमवारीच राजीनामा देईन. मग जो खुर्चीवर येईल तो करील सही. माझा शब्द तरी मोडणार नाही. हे अजून कुणाला बोललेलो नाही.

हल्ली एकच स्वप्न पडतं. आपली आलुबुखाराची झाडं एकामागे एक टेकडी चढताहेत, फुलांनी पांढरी झालेली. पुढे आई, हातात कंदील. मी हाक मारतो, पण कुणी वळून बघत नाही. जाग येते तेव्हा त्या फुलांचा वास खोलीत असतो. खिडकी मात्र बंद असते.

ईस्टरला येतो. जवसाचं तेल घालून बटाटे कर. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा डिटमार

राजधानी, ६ एप्रिल १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ती पहाट अजून अंगावर आहे. ओढ्यावरचं धुकं इतकं दाट होतं, की तुझा फक्त रुमाल पुढे तरंगत चाललेला दिसत होता. मी खरंच एक शब्द बोललो नाही. घागर बुडवताना आपल्या घराचं धुराडं पाण्यात हललं आणि मला रडू फुटलं. तेव्हा तू, पंचेचाळीस वर्षं न बोललेली तू, बोललीस! आधी विचारलंस, हातमोजे कुठे विसरलास. मग म्हणालीस, की शब्द मोडायचाच आहे तर समोर बसून मोड. आपली झाडं ज्यानं कधी पाहिली नाहीत, त्याच्या हातून गाव उठवू नकोस. सही तूच कर आणि नंतर आमच्या शिव्या खायला ये.

राजीनामा फाडला. काल सही केली. सगळी घरं टेकडीवर एकत्र बांधायची, शेजार मोडायचा नाही, आईची कबर आणि झाडंही न्यायची, हे त्याच कागदात लिहून घेतलं. संध्याकाळी गावच्या सभेत आलो, ते तू पाहिलंसच. कुन्झे थुंकला. मी बसून राहिलो. पुढच्या निवडणुकीत हरणार हे नक्की.

एकच टोचतं. माझ्यापायी तुझं पाणी बाटलं. क्षमा असावी.
डिटमार

नवं ओटरनाऊ, १७ एप्रिल १९९५

चि. डिटमार यास अनेक आशीर्वाद. आता साधा डिटमार, म्हणून जास्तच.

निवडणूक हरलास, तर गुरं आहेतच. इथल्या गाईंना राजकारण कळत नाही. सव्वीस झाडं आणली, एकोणीस जगली. कुन्झे तुझं नाव घेत नाही, पण तू येणार म्हटल्यावर त्यानं एक पाव जास्त ठेवला.

काल ईस्टर. ओढा गेला. पहाटे उठून मुकाट्यानं नळाखाली घागर धरली आणि माझं मलाच हसू आलं. मग कपाटातून गेल्या वर्षीची बाटली काढली. ते बडबडं पाणी ओतून टाकायला माझा हात धजला नव्हता.

बाटली उजेडात धरली. डिटमार, पाणी नासलेलं नाही रे. तळ दिसतो इतकं नितळ आहे.

ये लवकर. हातमोजे विणून ठेवले आहेत.
तुझी ताई