खंडेनवमीला चाललेला प्रेस

मी, पुंडलिक नाथा घरत, वय एकसष्ट, धंदा स्टीलची भांडी बनविण्याचा, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, जिल्हा ठाणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दोन मते आहेत, पण डॉक्टर माझ्या बाजूने आहेत. छातीबद्दल मात्र ते काही चांगले बोलत नाहीत. भांडी चमकवताना बफिंगच्या चाकावरून जी काळी धूळ उडते ती मी पुष्कळ वर्षे खाल्ली आहे. कामगाराला धंद्यापायी आजार झाला तर मालकाने तो वर कळवायचा असतो. मालकालाच झाला तर कोणी कळवायचे, हे मला कोणी सांगू शकले नाही. असो. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. पत्नी रंभा हिने दडपण आणून पाहिले, ते मी मानले नाही.

एक. मिठागरातला हिस्सा वडिलोपार्जित आहे, तो देणारा किंवा न देणारा मी कोणी नाही. कायद्याने ज्याचा त्याला जाईल. भावकीने माझे तेरावे होईपर्यंत मोजणीची दोरी धरू नये. आमचे वडील गेले तेव्हा राख गार व्हायच्या आत धरली होती, ते मी विसरलेलो नाही.

दोन. राहते घर मी स्वतः बांधले. ते रंभेच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा रघू आणि मुलगी मंजुळा यांचे निम्मे निम्मे. मागच्या पडवीला पावसाळ्यात ओल येते, ती दोघांनी मिळून दुरुस्त करावी.

तीन. नवघर येथील घरत मेटल वर्क्स, म्हणजे शेड, पत्रा दाबून भांडे काढणारे दोन पॉवर प्रेस, बफिंगची चाके, सर्व डाय-साचे आणि हत्यारे. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती रघूला मिळणार असे सगळा गाव धरून चालला आहे. त्याला ती मिळणार नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी दुसरेच सांगणार नाही.

सन १९७३ च्या खंडेनवमीला आमच्याकडे रीतीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. पाने, हातोडे, डाय, सगळे धुऊनपुसून देवीच्या फोटोपुढे मांडले. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते, तिच्यामुळे माणसाचा हात आत जात नाही. पोरांनी हौसेने तीही सोडवली, घासली, हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि पूजेत ठेवली. त्या दिवशी काम बंद, तशी नोटीस आधीच लावलेली. मी मोरव्याला मंजुळेच्या सासरी जेवायला गेलो.

दुपारी मुंबईच्या शेठचा माणूस आला. धनत्रयोदशीचा माल आजच पाहिजे म्हणाला. रघू तेव्हा आमचा मॅनेजर होता. त्याने प्रेसपुढे नारळ फोडला, देवीची माफी मागितली आणि काम सुरू करायला लावले. प्रेस चालवल्याबद्दल माफी मागता येते, पण पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याआधी हलवता येत नाही, असे तिथे सर्वांचे एकमत पडले. त्यामुळे जाळी देवीपुढे राहिली आणि प्रेस उघडा चालला. खंडेनवमी मोडायला कोणी घाबरले नाही, झेंडूची माळ काढायला मात्र सगळे घाबरले. लवू बाबाजी धुमक, रत्नागिरीकडचा आमचा जुना माणूस, याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

जखमी माणूस दोन दिवसांहून जास्त घरी बसला तर अपघात नोंदवहीत लिहून फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावा लागतो. आमच्या पट्ट्यात हे फारसे कोणी करत नाही. दवाखान्याचे बिल भरतात, हातावर काही टेकवतात आणि 'घरी विळीवर कापले' असे लिहून घेतात. विळीवर खरोखर एवढी बोटे कापली जात असती तर भाईंदरात भाजी चिरायला माणूस उरला नसता.

रघू म्हणाला, "बाबा, बंदच्या दिवशी काम चाललं होतं हे आपणच कशाला सांगायचं? घरी लागलं असं लिही ना. लवूला आपण बघून घेऊ. सगळेच तसं करतायत."

मी म्हटले, "बघून घेणार म्हणजे किती दिवस?"

मी मंजुळेला बोलावून रिपोर्ट लिहायला बसवले. तिचे अक्षर चांगले आहे आणि ती मध्ये बोलत नाही. तारीख खरी घातली. कारणाच्या रकान्यात सांगितले ते तिने लिहिले: जाळी काढलेली होती, त्या स्थितीत प्रेस चालवण्याचा हुकूम मॅनेजर रघू पुंडलिक घरत यांचा. भावाचे नाव लिहिताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी 'लिही' म्हणून मान हलवली.

इन्स्पेक्टर आले तेव्हा खरी अडचण लवूनेच केली. हाताला पट्टी, उभा राहून म्हणतो, "साहेब, माझीच चूक. खंडेनवमीला हत्यार चालवलं, देवीनं बोटं घेतली. ह्यात मालकाचा काय दोष?" इन्स्पेक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवले. हीच जबानी राहिली असती तर विमा कंपनीने हात वर केले असते आणि लवूला एक पैसा मिळाला नसता. त्याची बायको विमलाबाई दाराशी उभी होती, ती पुढे आली. "देवीचं काय ते आम्ही बघून घेऊ, साहेब. मशीनवर जाळी नव्हती, ते पण लिहा. मला तीन पोरं हायत." ते लिहिले गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या कोर्टात मला आणि रघूला दंड झाला. शेठने माल घेणे बंद केले. म्हणाला, "पुंडलिकभाई, खालीपिली कागज क्यों बनाते हो?" शेजारच्या शेडवाल्यांनी माझे नाव इन्स्पेक्टर ठेवले. रंभा म्हणाली, "आपल्याच पोराचा नाव लिवलास? तुला कालीज हाय का न्हाय?" रघू दंड भरून वसईला गेला आणि तिथे स्वतःची शेड काढली. त्याचा निरोप एकच आहे: रिपोर्टात माझे नाव चुकून पडले असे लेखी द्या, म्हणजे घरी येतो. मी दिले नाही, देणार नाही. त्याच्या शेडमध्ये अपघात होतच नाहीत असे तो सांगतो. ऐकून मला रात्री झोप लागत नाही.

तेव्हा घरत मेटल वर्क्स मी मंजुळेस देतो, पूर्ण मालकीने. बाई माणूस प्रेस कसा चालवणार, असे विचारणाऱ्यांनी आधी स्वतःच्या शेडमधली बोटे मोजावीत. तिने पुढील गोष्टी पाळाव्यात. जाळीची पूजा प्रेसवर बसवलेल्या जागीच करावी, कुंकू तिथेही लागते. कोणाला काही लागले तर त्याच दिवशी लिहावे, मग तो माणूस 'जाऊ दे ताई' म्हणाला तरी. रघू कधी काम मागायला आला तर त्याला घ्यावे, मॅनेजर म्हणून नव्हे. त्याला काही लागले तर तेही लिहावे.

चार. लवू धुमक याला मी काही ठेवत नाही. त्याची भरपाई त्याला कायद्याने मिळाली, तीत माझी मेहेरबानी नव्हती. आता तो बफिंगच्या मालाची तपासणी करतो आणि माझ्यापेक्षा जास्त भांडी बाद करतो.

पाच. शेठला माझ्याकडून काही नाही. शेजारच्या शेडवाल्यांना बाराव्याला अगत्याने बोलवावे, जेवण चांगले करावे आणि वाढताना मंजुळेने त्यांच्या कामगारांची चौकशी करावी.

सहा. अग्नी रघूने द्यावा. वरच्या कलमांना मी अटी घातल्या, या कलमाला एकही अट नाही. त्याने माझ्याशी अबोला धरला असला तरी चालेल, त्या वेळी बोलावे लागत नाही. भावकी घाई करील, 'चुलतभाऊ आहे ना' म्हणेल. कोणाचे ऐकू नये. वसईला माणूस पाठवावा. तो पहिल्यांदा नाही म्हणाला तर पुन्हा पाठवावा. तोपर्यंत उत्तनहून बर्फाच्या लाद्या आणून मला झाकून ठेवावे आणि वाट पाहावी. मला तो मुलगा फार आवडतो. त्याचे नाव लिहिले तेव्हाही आवडत होता.

हे मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

(सही) पुंडलिक नाथा घरत

साक्षीदार:
(सही) धर्माजी विठू केणी, राहणार नवघर
(सही, डाव्या हाताने) लवू बाबाजी धुमक, राहणार नवघर

मुक्काम नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक ९ मार्च १९७६