लँडमास्टरचं छत

१८ ऑगस्ट १९८६

सौंसरच्या रघुनाथरावांची लँडमास्टर शेवटी आली! त्यांच्या वडिलांची गाडी. आतल्या छताचं कापड सडून लोंबतं आहे, मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं. नवं कापड त्यांनीच नागपूरहून आणलं — करडं, अगदी गुळगुळीत. मला मनातून जाडंभरडं हवं होतं. त्यात चूक लपते. यात काही लपत नाही.

“तुळशीराम, एक सुरकुती दिसली नाही पाहिजे,” रघुनाथराव बजावून गेले.

हे काम दोघांचं. एकाने डावीकडून ओढायचं, एकाने उजवीकडून. उद्या गुणवंताला निरोप धाडतो.

२० ऑगस्ट

गुणवंता नदीवरचा पूल ओलांडून आला. हा माझा धाकटा भाऊ. सासऱ्याचं शेत करायला पांढुर्णा सोडून पलीकडच्या काठावर, सावरगावी गेला, तरी गाडीचं काम निघालं की येतो.

जुनं अस्तर उतरवलं. कापड ज्यांच्यावर ताणतात त्या छताखालच्या पाचही तारांचा बाक वेगळा. अदलाबदल झाली तर कापड जन्मात बसत नाही, म्हणून दोरे बांधून ठेवले. एका तारेला एक गाठ, दुसरीला दोन. गुणवंता तार डोळ्याजवळ नेऊन गाठी मोजत होता. मग उरलेला एक डोळाही मिटला आणि बोटांनीच मोजल्या.

“काहून रे?” मी विचारलं.

“नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, दादा. एका डोळ्याच्या मारानं कधी कधी दुसराही जाते. दिवाळीपावतर चालन म्हणे.” मग हसला. “हे गाडी शेवटची आपली.”

पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो.

२१ ऑगस्ट

चंडीमातेपुढे दिवा लावला. मग परत येऊन छताच्या तारा घासत बसलो.

२४ ऑगस्ट, रविवार

आज लिहूनच टाकतो. पाच वर्षं झाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, देवीच्या नावाने दोन गावांची नदीवर दगडफेक. मी पांढुर्ण्याच्या काठावर, गुणवंता सावरगावच्या. दगड दोन्हीकडून चालू होते. एक त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. लोकांनी त्याला उचलून देवळात नेलं, अंगारा लावला. डोळा गेला तो गेलाच. कोणाचा दगड हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. त्यानेही विचारलं नाही.

दगड माझा होता.

गर्दीत चुकून लागला असं नाही. मी त्याला ओळखलं होतं. लहानपणी शेतात तो टोपी घालून उभा राहायचा आणि मी वीस पावलांवरून डाव्या हाताने ढेकूळ मारून टोपी उडवायचो. कधी चुकलो नाही. त्या दिवशी तीच पांढरी टोपी दिसली आणि गंमत सुचली — चाळिशी ओलांडलेल्या माणसाला! ढेकूळ नव्हतं हातात, दगड होता. आणि हात पोराचा राहिला नव्हता.

देवी, दुसरा डोळा जायच्या आत मला सांगता येऊ दे.

२७ ऑगस्ट

कापड चढवलं. तारा अडकवल्या, मधून सुरुवात केली. तो उजवीकडे, मी डावीकडे. ओढायचं, सोल्युशन लावायचं, चिमटा मारायचा.

“दादा, कापड ओढून राहिला का बैल?”

“तू तुहं पाह्य!”

मला वाटलं, झालं. मागच्या काचेपाशी एक बारीक सुरकुती राहिली होती — मला दोन डोळ्यांनी दिसली नाही. त्याला तळहाताने सापडली.

“तुह्या डाव्या हातात जोर जास्त हाय. जरा ढील दे.”

तीन चिमटे काढून पुन्हा लावले. मग कापड बसलं, हात फिरवला तर कुठे अडत नव्हतं.

३० ऑगस्ट

रघुनाथराव गाडी घेऊन गेले. खूश! त्याआधी गुणवंता मागच्या सीटवर आडवा झाला आणि वर पाहत राहिला.

“काय पाहतं?”

“साफ झालं ना, म्हणून पाहून घेतो.”

१ सप्टेंबर

सांगायला सावरगावला गेलो. त्याच्या बायकोने, सुशीलेने, आतूनच म्हटलं, “बसा, चहा ठेवते.” गुणवंता पोळ्याला बैलांच्या कपाळावर बांधायचे मठाटे काढून पोराच्या हौसेने रंग सांगत होता — हा लाल ना दादा, हा पिवळा? एकदा चुकला. मी ‘बरोबर’ म्हटलं.

चहा पिऊन परत आलो.

गोटमारीचा दिवस

नदीवर माणसं जमायच्या आत पूल ओलांडला. तो ओट्यावर होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

त्याने माझा डावा हात धरून ठेवला. मग म्हणाला, “माहीत हाय, दादा. तू हात उचलला तवाच वळखलं. टोपीच उडवशीन म्हणून तं मी जाग्यावरून हाललो नाही.”