टकळीची शपथ

६ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सामान पोचलं, मीही पोचले, डोकं अजून वाटेत आहे. खोली छोटी पण उजेडाची आहे. घरमालकीण म्हातारी आहे, एकटी राहते. पूर्वी तिची कपडे धुण्याची लाँड्री होती, त्यामुळे माझ्या सदऱ्याची इस्त्री तिला पहिल्याच दिवशी पटली नाही.

आता मुद्द्याचं. परकीय भाषा आणि जगातल्या संस्कृती शिकणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिसऱ्या वर्षाचं हे सत्र त्या भाषेच्या माणसांत राहून काढायचं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नव्हतं ते असं, की आल्या आल्या सभागृहात उभं करून आमच्याकडून शपथ घेतली. सत्र संपेपर्यंत आपली भाषा बोलायची नाही आणि ऐकायचीही नाही. फोन कचेरीत जमा झाले. मी हात वर करून विचारलं, घरच्यांचं काय करायचं? सर म्हणाले, पत्रं लिहा, पत्र कानावर पडत नाही.

म्हणजे मे अखेरपर्यंत आपलं बोलणं नाही. बाबा, शाळेत जाताना बसस्थानकाच्या भोंग्यातून तुमचा आवाज यायचा, अमुक गाडी तमुक फलाटावर, आणि मला वाटायचं सगळं जग जागच्या जागी आहे. इथे गाड्या वेळेवर येतात, पण सांगणारं कुणी नाही.

आत्याला सा. न. लोभ आहेच, तो पत्रातून पाठवत राहा.

तुमची,
टकळी


१५ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. आत्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मीच वाचणार होतो, पण माझा घसा बसलाय. इतकी वर्षं उभा होता, बसला तर बसू दे.

शपथेचं वाचून आम्ही दोघं खूप हसलो. तुझ्या तोंडाला कुलूप लावायला शाळेतले सगळे गुरुजी थकले, ते परमुलखातल्या सरांना एका सकाळीत जमलं. पण दिला आहेस ना शब्द, मग पाळ. मी कधी चुकीचा फलाट सांगितला नाही, तो काही माझी स्मरणशक्ती दांडगी म्हणून नव्हे. लोक आपल्या शब्दावर बॅगा उचलतात. त्यामुळे चोरून फोन वगैरे करायचा नाही. आम्हीही करणार नाही.

तुझे काका येऊन गेले. नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या हाकल्या. परक्यांच्या भाषा शिकून पोरगी कुणाचं भलं करणार, हा त्यांचा प्रश्न अजून ताजा आहे. तुझ्या प्रवेशाच्या वेळी मी त्यांच्याशी तासभर वाद घातला होता. या वेळी नुसती मान हलवली, तर त्यांना वाटलं मला पटलं.

प्रकृतीस जपावे. थंडी असेल, पायात मोजे घालत जा.

तुझे,
बाबा


२७ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

आत्या, मी दमले. कामानं नाही, काम काय, वर्ग आणि वाचन. बोलून दमले. सकाळी उठल्यापासून प्रत्येक वाक्य आधी मनात मांडायचं, तपासायचं, मग तोंडातून काढायचं. संध्याकाळी जबडा दुखतो. जेवताना घरमालकिणीकडे पाहुणे असले की मी एखादा विनोद जुळवते, तो तयार होईपर्यंत ताटं उचललेली असतात. गेल्या आठवड्यात तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, की मुलगी फार शांत आहे, शब्दही बोलत नाही. मला, आत्या. मला शांत म्हणाली.

वर्गात मात्र सगळं जमतं. कुठल्या समाजात समोरच्याचं बोलणं संपल्यावर किती वेळ थांबून उत्तर देतात, यावर मी निबंध लिहिला. सरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी टेबलावर मी दोनदा घरमालकिणीचं बोलणं मधेच तोडलं आणि तिसऱ्यांदा इतकी थांबले की तिनं विचारलं, बरं नाही का? पुस्तकात मी हुशार आणि माणसांत मंद. हे तीन वर्षांचं शिक्षण.

मला हे सोडून परत यायचं आहे. तू म्हणाली होतीस तसं परिचारिकेचं शिक्षण घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाबांना कसं सांगायचं ते सुचत नाही, कारण साऱ्या घराशी भांडून त्यांनी मला इथे घातलं. तू हळूहळू त्यांच्या कानावर घाल. समोर असते तर मीच सांगितलं असतं, पण या शपथेपायी तेही नाही.

इथे रागावणारंही कुणी नाही, म्हणून तू दोन ओळी रागावून लिही.

तुझी,
टकळी


८ फेब्रुवारी

चि. टकळीस,
आत्याचे आशीर्वाद.

रागावायचं त्राण माझ्यात नाही. आठवडाभर इस्पितळाच्या बाकावर बसून काढलाय आणि तिथेच हे लिहितेय. नीट बसून वाच.

तुझ्या बाबांचा घसा बसलेला नाही. घशात गाठ आहे, वाईट आहे. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. एकवीस तारखेला शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर ते बोलणार नाहीत. थोडे दिवस नव्हे, कधीच नाही.

मी पहिल्या दिवसापासून सांगतेय की पोरीला फोन करू. तर ऐकत नाहीत. तिनं शब्द दिलाय, मोडायला लावणारा मी कोण, हे एकच पालुपद. मी म्हटलं, अरे, तुझा आवाज ती पुन्हा ऐकणार नाही. तर पाटीवर लिहून दाखवलं, की तिनं खूप ऐकलाय. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय म्हणून पाटी आणली आहे. पाटीवरसुद्धा हट्टच.

आणि तू. फोन जमा करून मुकाट बसलीस. शपथा काय लोक घेत नाहीत आणि मोडत नाहीत? खाण तशी माती. शब्द पाळायचं तुम्हा बापलेकींना व्यसन आहे, आणि मधल्या मधे माझी फरफट होते.

शिक्षण सोडायचं की ठेवायचं ते नंतर बघू. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. विसाव्या तारखेला त्यांना दाखल करून घेतील, त्यानंतर फोन मिळणार नाही. त्याआधी एकदा फोन कर. मी हे लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. कळलं तर बोलतील मला. बोलू देत, तेवढंच ऐकायला मिळेल.

जेवत जा.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हाती पडेल तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल. आत्याला काही बोलू नका. तिचं पत्र काल दुपारी मिळालं.

आधी सरांकडे गेले आणि सांगितलं, मी शपथ मोडणार आहे. कारण ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अगं मुली, ही शपथ आळस करू नये म्हणून असते, आजारी वडिलांपासून दूर राहावं म्हणून नव्हे. वर असंही म्हणाले की वर्गातली निम्मी मुलं कचेरीतल्या बाईंना गोड बोलून कधीच फोन परत घेऊन गेलीत. शपथ खरी मानणारी या सत्रात मी एकटीच निघाले.

मग घरमालकिणीच्या फोनवरून तुम्हाला फोन लावला. ती माझ्या शेजारी उभी होती, माझा हात धरून. बाबा, पलीकडून जो आवाज आला तो मी ओळखलाच नाही. वाटलं चुकीचा नंबर लागला, म्हणून इथल्या भाषेत विचारलं, कोण बोलतंय. आणि मग ओळखला. ओळखल्यावर मला रडू फुटलं आणि मी बोलत सुटले. तुमच्या भोंग्याबद्दल बोलले, शिक्षण सोडायचं आहे त्याबद्दल बोलले, मला किती एकटं वाटतं ते बोलले, तुम्ही मला का सांगितलं नाही म्हणून भांडलेसुद्धा. तुम्ही नुसते हुंकार देत होतात. शेवटी तुम्ही विचारलंत, मोजे घालतेस ना. मी उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

वळून पाहिलं तर घरमालकीण पदर नसलेल्या बायका पुसतात तशी बाहीनं डोळे पुसत होती. ती रडत होती म्हणजे तिला सगळं कळलं होतं. आणि तिला कळलं होतं म्हणजे तुम्हाला एक शब्दही कळला नव्हता.

मी पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. सकाळी पुन्हा लावला तर तुम्ही इस्पितळात गेला होतात. आत्या म्हणते हट्ट तुमचा आहे, पण चूक माझी झाली. कधी नव्हे ते तुमच्याशी मनातलं बोलायला मिळालं, आणि मी ते परक्या भाषेत बोलून संपवलं. आता तेच आपल्या भाषेत लिहायला बसले आहे तर दोन ओळींपुढे जात नाही.

तुम्ही मला थांबवलं का नाहीत?

लवकर बरे व्हा. नुसतं बरे झालात एवढंच कळवा.

तुमची,
टकळी


४ मार्च

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोलणं बंद, लिहिणं चालू आहे. जखम बरी भरतेय. गळ्याला भोक ठेवलंय, श्वास तिथूनच. परिचारिका ते साफ करायला शिकवते आणि मी मंद विद्यार्थी आहे. स्थानकावर माझ्या जागी आता ध्वनिमुद्रित बाई लावली आहे. आत्या सांगते की तिचे उच्चार छान आहेत, पण गाडी रद्द झाली तरी तिला दुःख होत नाही. मन थकलं आहे, खोटं कशाला सांगू. सकाळी उठून आत्याला हाक मारायला जातो आणि तोंड उघडूनच राहतं.

तू विचारलंस, थांबवलं का नाही. आधी मलाही नंबर चुकलाय असं वाटलं. कुणी बाई भराभरा बोलतेय. मग मधेच तू श्वास आत ओढलास, लहानपणापासून एका दमात बोलताना ओढतेस तसा, आणि मी ओळखलं. आपल्या भाषेत बोल एवढं म्हणण्याइतका आवाज शिल्लक होता. पण म्हटलं नाही. घरी कितीदा म्हटलं, दोन वाक्यं बोलून दाखव, तर लाजायचीस. ज्या भाषेसाठी भावाशी भांडलो ती मी पहिल्यांदाच तुझ्या तोंडून ऐकत होतो. तू कुठे अडत नव्हतीस, शब्द शोधत नव्हतीस. आत्या खुणा करून विचारत होती काय म्हणतेय, आणि सगळं कळल्यासारखा मी मान हलवत होतो.

आत्यानं मला तुझं जुनं पत्र दिलं, सोडायचं म्हणतेस ते. दमली असशील तर ये. दमणं हा गुन्हा नाही, मीही दमलोय. माझ्या घशाचं निमित्त मात्र पुढे करू नकोस. आणि जमत नाही हेही सांगू नकोस. परक्या बाईला तिच्याच भाषेत रडवलंस, अजून काय जमायचं राहिलं? ती काय शांत म्हणेल तुला.

मोज्यांचं मात्र मलाच हसू येतं. आवाज संपायला आला होता, आयुष्यभराचं काही सांगायचं होतं, आणि तोंडातून निघाले मोजे. तेही तू काय उत्तर दिलंस कळलं नाही.

दर रविवारी घरी फोन करत जा. बोलायला सरांनीच मोकळीक दिली आहे, आणि ऐकायची शपथ मोडेल अशी भीती आता नाही, माझं अक्षरही तुझ्या कानावर पडायचं नाही. आपल्या भाषेत बोल, त्यांच्या भाषेत बोल, रड, भांड. मी फोनवर बोटानं टकटक करेन. ती ऐकू आली की समज, बाबा ऐकतायत.

तुझे,
बाबा