उंबरठ्याच्या आत

प्रिय ट्रेसा,

जूनीने काढलेलं चित्र तुरुंगातून परत आलं. रंगीत खडूचं चालत नाही म्हणे. आता तिने साध्या पेन्सिलीने काढलंय, सोबत पाठवतेय. त्यातला काळा ढिगारा म्हणजे आपला कुत्रा. ढिगारा म्हणू नकोस, रुसून बसेल. माझं मागचं पत्रही तुला फोडून, पुन्हा चिकटवूनच मिळालं असं तू म्हणालीस. आपल्या टपालात त्यांना काय सोनं सापडतंय कोण जाणे.

इथलं सगळं ठीक, म्हणजे असायचं तेवढं ठीक. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय, सकाळपासून टेकडीवर बार ऐकू येतात. प्रत्येक बाराला तुझी लेक न्हाणीघरात जाऊन बसते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "विसरेल हळूहळू." मी मान डोलावली. मक्याचा पाव आणि घेवडा तिला न्हाणीघराच्या दारातच नेऊन देते. सात वर्षांची आहे. अठरा वर्षांनी तू सुटशील, तेव्हा आज तू आहेस तेवढी झालेली असेल.

तुझ्या बाबांची आठवण येते. खरं सांगायचं तर राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, मी धरते. आठवतं, दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना सुरी रोखून विचारायचे, "चोर ओट्यावर पडला तर काय करायचं गं पोरींनो? ओढून आत घ्यायचा! आत मेला तर आपला हक्क, बाहेर मेला तर आपल्याला फास." सगळे खो खो हसायचे. तुझे काका पुस्ती जोडायचे, "आणि त्याच्या हातात काहीतरी द्यायला विसरू नका!" या खोऱ्यात हे ऐकलं नाही असं घर नाही. बायबलातलं वचन चुकेल, हे चुकायचं नाही. खरा कायदा काय आहे ते मात्र कुणी उघडून पाहिलं नव्हतं. खटला उभा राहिल्यावर तुझ्या वकिलाने सांगितलं तेव्हा मला कळलं. घटस्फोट होऊन वर्ष झालेला नवरा टायरचा पाना उगारून अंगावर येतो, तेव्हा तो ओट्यावर होता की घरात, याने काहीच बिघडत नव्हतं. तुझी गोळी कायद्यात बसत होती.

बिघडवलं ते मी. त्या दुपारी बार ऐकून मी टेकडीवरच्या माझ्या ट्रेलरच्या घरातून धावत खाली तुझ्याकडे आले. तू जूनीला घेऊन न्हाणीघरात फोनवर होतीस, शेरीफच्या ऑफिसला पत्ता सांगत होतीस. रॉइस ओट्यावर आडवा पडला होता, संपला होता. मी त्याला बगलेत हात घालून उंबरठ्याच्या आत ओढलं. चांगला धष्टपुष्ट गडी, माझी कंबर अजून धरते. मग ओट्यावरचं रक्त ब्लीच टाकून धुतलं. पाना पायरीखाली पडला होता, तो ॲप्रनला लख्ख पुसून त्याच्या मुठीत ठेवला. त्याचाच होता तो, त्याच्याच मुठीतून पडलेला. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी मी आवरत होते. आणि ट्रेसा, मला स्वतःचं कौतुक वाटलं गं.

शेरीफच्या माणसाने विचारलं, "याला कुणी हलवलं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात कडेवर जूनीला घेऊन तू म्हणालीस, "मी." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी गप्प बसले. वाटलं, हलवणं म्हणजे काय मारणं आहे? पण कोर्टात सरकारी वकिलाने तो पाना उचलून धरला. त्यावर एकाही बोटाचा ठसा नव्हता, रॉइसचासुद्धा नाही. "जिला लपवायचं काही नाही, ती रक्त कशाला धुईल?" असं त्याने विचारलं, तेव्हा ज्यूरीतल्या एका बाईने नकळत मान हलवली. मी तिसऱ्या बाकावर बसून ते पाहिलं. तेव्हाही उठले नाही. तुला तर ते नेणारच होते, तुझ्यापाठोपाठ मीही आत गेले तर जूनी रॉइसच्या माणसांच्या हाती पडेल, हे तू आधीच ताडलं होतंस. मला मात्र नुसती भीती वाटत होती. ते पोरीच्या नावावर खपवणार नाही.

भेटीच्या दिवशी हा विषय काढला की तू उठून जातेस. म्हणून गेल्या मंगळवारी तुला न विचारता वकिलाकडे गेले, सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला. "बाई," म्हणाला, "प्रत्येक आई मला हेच सांगायला येते. पुरावा काय?" ॲप्रन मी त्याच आठवड्यात पिंपात जाळला होता.

म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी यात नवं काहीच नाही, तुला सगळं ठाऊकच आहे. पण तुझ्याआधी ते कुणीतरी फोडून वाचतं ना, त्याच्यासाठी लिहिलंय. साहेब, तुम्ही जे कुणी असाल, मागे जाऊन पुन्हा एकदा नीट वाचा. मी, ओपल हॅस्किन्स, पूर्ण शुद्धीत लिहितेय. त्याला मी ओढलं, रक्त मी धुतलं, पाना मी पुसला. वाचून झालं की वरच्या माणसाला दाखवा. पाकीट चिकटवून नुसतं पुढे ढकलू नका. पुढच्या सोमवारी मी हेच पुन्हा लिहीन, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही.

तुझीच, पण या खेपेला तुझं न ऐकणारी,
आई